पहिला नंबर कोणाचा होता

सात वर्षं मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडून चुलीत घातले. आता सुनेची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली आहे, मुलगाही तिकडे राहायला गेला आहे, म्हणून लिहितोय. धाडस आलेलं नाही, धोका कमी झाला आहे एवढंच. नावं तरीही लिहिणार नाही.

आष्टीच्या शाळेत मी मराठी शिकवत असे, पण गावात ओळख होती ती सिनेमावाले सर म्हणून. तरुणपणी एसटीने नगरला जाऊन सिनेमे बघायचो, पुढे टीव्हीवर, मग मुलाने दिलेल्या मोबाईलवर. दर वर्षी राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले की आमच्या इथल्या साप्ताहिकात माझा लेख येई: खरा मान कोणत्या सिनेमाचा होता आणि कोणाला मिळाला. माझं एक ठरलेलं मत होतं. रडणाऱ्या माणसाच्या सिनेमाला बक्षीस मिळतं, रडू दाबणाऱ्याच्या सिनेमाला मिळत नाही. दिल्लीतले परीक्षक भित्रे आहेत, असं मी दोन वेळा छापून आणलं होतं. लोक चहाच्या टपरीवर पाठ थोपटायचे. दिल्लीतून कोण येणार होतं मला विचारायला?

मग तालुक्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त लघुपट स्पर्धा झाली. पहिला येणारा लघुपट पुण्याच्या मोठ्या महोत्सवात थेट स्पर्धेला जाणार होता. मला परीक्षक केलं. आणखी दोघं होते, पण ते म्हणाले, "सर, तुम्हीच बघा, आम्ही सही करतो."

बाकीचे लघुपट आता आठवत नाहीत, दोन आठवतात. एक त्या पुढाऱ्याच्या पुतण्याचा. पुण्याहून माणसं आणून केलेला, ड्रोनमधून शेतं दिसायची, नायक दर दोन मिनिटांनी सावकाश चालत यायचा. दुसरा एका मुलीचा. आईबाप ऊसतोडीला जाणारे, ती कधीकाळी माझ्या वर्गात होती. अकरा मिनिटांचा सिनेमा, मोबाईलवर काढलेला. तोडीला निघायच्या दिवशी आई सामान बांधते, एवढंच. मधेच आई म्हणते, "अगं ते ठिव बाजूला, पोतं धर." मुलगी मोबाईल भिंतीला टेकवून ठेवते. तो कलंडतो, पण चालूच राहतो. तिरक्या चौकटीत मायलेकी पोत्यात बाजरीचं पीठ भरताना अर्ध्याच दिसतात. तोंडं दिसत नाहीत, फक्त चार हात. दोघी एक शब्द बोलत नाहीत. पोतं भरतं, आई त्याचं तोंड बांधते आणि गाठ पक्की बसली तरी पुन्हा पुन्हा आवळत राहते. आयुष्यभर सिनेमात मी जे शोधत होतो ते त्या दोन मिनिटांत होतं. गुणपत्रिकेवर मी तिच्या नावापुढे सर्वांत जास्त गुण लिहिले.

निकालाच्या चार दिवस आधी, दुपारी, दोघं जण घरी आले. बाहेर गाडी सुरूच ठेवली होती. त्यातल्या एकाने वाकून पाया धरले.

"सर, वळखलं का? निबंधात तीन मार्क दिलते तुमी मला."

"तरी बी पुढं गेला बघा," दुसरा हसला.

चहा झाला. मग पहिल्याने विचारलं, "साहेबांच्या पुतण्याचा पिच्चर बघितला का?"

"बघितला. चांगला आहे."

"चांगला हाय का लई चांगला हाय?"

मी म्हणालो, आणखी दोघं परीक्षक आहेत.

"त्येंचं झालं बोलून." त्याने कप खाली ठेवला. "सूनबाई स्कुटीवर एकट्याच जातात न्हवं शिकवायला शाळंवर? घाटाकडचा रस्ता लई सुनसान हाय, सर. आपली गाडी असती त्या बाजूला. ध्यान ठिवतो आमी."

पुन्हा पाया पडून ते गेले. बायकोने आतून विचारलं, "कोण होतं?"

"विद्यार्थी."

"बरंय. अजून आठवण ठेवतात पोरं."

त्या दिवशी सून रोजच्या वेळेला आली नाही. मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. मग शेजारच्या ओट्यावर बसून वाट बघत राहिलो. पाऊण तासाने ती आली. शाळेत बैठक होती. "बाबा, उन्हात कशाला बसलात?" म्हणाली. मी आत गेलो, गुणपत्रिका काढली आणि आकडे बदलले. पेन एकच होतं, त्यामुळे खाडाखोडसुद्धा फारशी दिसली नाही.

बक्षीस वाटप मंगल कार्यालयात झालं. आपल्याकडे बक्षिसं देण्याआधी परीक्षकाचं मनोगत असतं. ते चुकवता येत नाही. दुसरा आलेला सिनेमा पहिला का नाही, याची कारणं माईकवर सांगावी लागतात, आणि दुसरा नंबर त्या मुलीचा होता. माझ्याकडे कारण नव्हतं, म्हणून मी तयार केलं. म्हणालो, आशय चांगला, पण तांत्रिक बाजू कच्ची. चौकट तिरकी, पात्रांचे चेहरेच दिसत नाहीत. नवोदितांनी आधी कॅमेरा धरायला शिकावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी तिसऱ्या रांगेत वही घेऊन बसली होती आणि मी बोलेन ते लिहून घेत होती.

नंतर ती माझ्याकडे आली. "सर, मी आपलं आपण पाठवणार हाय पुण्याला. ते तिरकं काढून टाकू का?"

तिच्या मागे खांबाजवळ ते दोघं उभे होते. एक जण पेढा खात माझ्याकडेच बघत होता.

"काढून टाक," मी म्हणालो.

महिन्याभराने ती सुधारलेला सिनेमा दाखवायला घरी आली. नऊ मिनिटांचा. सगळं सरळ, सगळं स्वच्छ, आणि आत काही उरलेलं नव्हतं. मी विचारलं, आधीचा कुठे आहे?

"मोबाईल भरला व्हता सर. डिलीट केला."

पुण्याने तो घेतला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. पुरस्कारांवरचे माझे लेख मी बंद केले. कोणी विचारलं की डोळ्यांचं कारण सांगतो. कोणत्या तोंडाने लिहिणार होतो?

मागच्या वर्षी मी तेलगावला तिच्या सासरी गेलो. वाटेत एसटीत बोलायचं सगळं घोकून ठेवलं होतं. तिने ओळखलं, पाया पडली, नवऱ्याला म्हणाली, "माझे सर. सिनेमातलं लई कळतं यांना." नवरा भला माणूस. खुर्ची पुसून दिली. मी बसलो आणि समोरच्या भिंतीवर त्याच पुढाऱ्याचा फोटो असलेलं कॅलेंडर दिसलं.

"साहेबांच्या संस्थेत शिपाई हाय मी," नवरा म्हणाला. "त्येंच्यामुळं चाललंय आपलं."

मी समोरचं पाणी प्यालो. मी बोललो तर हा कुठे बोलेल, ते कुठे पोहोचेल, याच्या नोकरीचं काय, माझ्या सुनेचं काय, सगळं एकदम डोक्यात आलं. तेव्हा सून अजून घाटाकडच्याच शाळेत होती.

मुलगी चहा घेऊन आली. हसत म्हणाली, "तुमी तोंडावर सांगितलं ते बरं केलं, सर. न्हाईतर त्या नादात राहिले असते मी. आपल्यात न्हवतंच ते."

मी मान हलवली. तिच्या बोलण्याला मी मान हलवली. चहा संपवला, उठलो, आणि "येतो," एवढंच म्हणून बाहेर पडलो.

एसटीत घोकलेलं असं होतं: पोरी, तुझ्यात होतं. पहिला नंबर तुझाच होता. माईकवर मी खोटं बोललो, कारण मी भ्यालो होतो. मला माफ कर.