काळा ठिपका

आमच्या घरी नळ नव्हता. आई बिनकठड्याच्या विहिरीवर वाकली की मला धडकी भरायची. मी घरातला पहिला पदवीधर. आता दुबईत, मध्य अमेरिकेत माया लोक एके काळी जिथे राहायचे त्या जंगलाचे नकाशे, नको त्या खुणा पुसून, कॉम्प्युटरवर साफ करतो. शेजारी रत्नागिरीचे दहावी पास चाचा बसतात. कुठलाही नकाशा उघडला की ते आधी पाणी शोधतात.

परवा त्यांनी रुमालाने माझी स्क्रीन पुसली. "डिग्रीवाले, इथला काळा ठिपका कुठे गेला?"

"कचरा होता चाचा, काढला."

"माणसं राहायची तिथे. पाण्याशिवाय? विहीर आहे ती!"

माझ्याच नकाशावरून चार संशोधक त्या ठिपक्यावरून जाणाऱ्या वाटेने निघाले होते. मी त्यांचा नंबर शोधून दिला. चाचांनी फोन लावला, "स्टॉप, स्टॉप!" ओरडले आणि उत्तर येईपर्यंत डोळे मिटून उभे राहिले.

त्यांच्या पुढ्यातल्या पाल्याखाली विहीरच निघाली. चौघेही जिवंत परतले.