नात्याचा रकाना

“नियमात बसत न्हाई, ताई.” तिच्याइतक्या आनंदाने हे वाक्य म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

लातूरच्या एका वसतिगृहाची मी अधीक्षिका. बालगृहातल्या मुलींना अठरा पूर्ण झाली की बाहेर पडावं लागतं. ज्यांच्या पाठीमागे घर नसतं, त्यांतल्या काही जणी एकवीसपर्यंत आमच्याकडे राहतात, शिकतात, नोकरी शोधतात. ही मुलगी नांदेडच्या बालगृहातून आली आणि आल्या आल्या भिंतीवरचे सगळे नियम वहीत उतरवून बसली. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी बरोबर असतात आणि म्हणूनच डोक्यात जातात. एकदा मला बाजारातून यायला उशीर झाला, तर हिने फाटकावरच्या वहीत माझीही सही घेतली. स्वयंपाकीणबाई तिला ‘कलेक्टर’ म्हणायच्या.

हे वेड कुठून आलं, ते पहिल्या दिवाळीत कळलं. बाकीच्या मुली मैत्रिणींकडे गेल्या होत्या आणि आम्ही दोघी चकल्या तळत होतो. ती नऊ वर्षांची असताना तिचे आईबाप अपघातात गेले. सख्ख्या चुलत्याने हदगावहून आणून तिला बालगृहात सोडलं आणि अर्जात नात्याच्या रकान्यात लिहिलं, ‘शेजारी’. चुलता लिहिलं असतं, तर बालगृहाच्या साहेबांनी पोर त्याच्याच पदरात घातली असती. काकांना सवड नसेल म्हणून येत नाहीत, असं ती नऊ वर्षं समजत होती. अठराव्या वर्षी फाईल हातात पडली, तेव्हा तिने तो रकाना वाचला.

“मी त्याला सोडणार न्हाई,” झारा निथळत ती म्हणाली. माझ्या मनात आलं, तो माणूस समोर असता तर ही कढई त्याच्यावर ओतली असती.

तो समोर आलाच. पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी तो केळी घेऊन फाटकावर उभा राहिला. तिच्या बापाच्या वाट्याची तीन एकर जमीन त्याला विकायची होती आणि हक्कसोडपत्रावर तिची सही हवी होती. मी चुलता आहे, पोरीला भेटू द्या, म्हणाला.

ती फाईल घेऊनच बाहेर आली. फाटक काही उघडलं नाही.

“भेट फक्त रक्ताच्या नातेवाइकाला. ह्यात तर शेजारी लिहिलंय. सही तुमचीच हाय ना?”

तो गयावया करू लागला. तिने एकच अट घातली. ‘मी सख्खा चुलता असून खोटं लिहून पोर सोडली,’ असं लिहून द्या, मग बोलू. एवढं लिहायला त्याची छाती होईना. केस होईल, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, ही भीती. मग तो महिन्यातून एक रविवार यायचा, फाटकाबाहेर लिंबाखाली बसायचा आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचा. ती त्याला दिसेल अशी खिडकीत बसून नर्सिंगचा अभ्यास करायची. त्याला पाण्याचा तांब्या मात्र स्वतः नेऊन ठेवायची.

एकवीस पूर्ण झाली, नांदेडच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आणि ती गेली. मी रडले. तिने मलाच समजावलं की मुदत संपल्यावर राहणं नियमात बसत नाही.

ती गेल्यावर चौथ्या महिन्यात चुलता स्टँपपेपर घेऊन आला. ती म्हणाली होती तेच, शब्दाला शब्द, खाली वाकडी सही. “आता तरी बोलवा तिला,” म्हणाला. खिडकी रिकामी दिसत होती, तरी ती इथे नाही, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. आत जाऊन तिला फोन लावला आणि कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचला.

“सही न्हाई करणार मी, ताई. अन् मी गेले ते सांगू नका. बसू द्या.”

मी बाहेर येऊन सांगितलं, आज ती बाहेर गेलीय, पुढच्या महिन्यात या. तो येतो. आता त्याला लिंबाखालून उठताना हात टेकावा लागतो. कधी कधी मला कीव येते. पण मी सांगत नाही.