जांभळाची हरकत

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर जांभळाचा बुंधा मोजला. तिच्या शिवणाच्या टेपनं. बिबवेवाडीत आमच्या सोसायटीमागं ओढा आहे, त्याच्या काठावर ते झाड. आमची मुलगी पहिलीत होती तेव्हा हिनं लावलेलं. मुलीची मुलगी आता कॉलेजात जाते.

ओढ्याकाठी फिरायला आणि सायकलीला रस्ता होणार म्हणून महापालिकेनं झाडांवर आकडे घातले आणि कागद ठोकले. आमच्या झाडावर लिहिलं होतं, जांभूळ, वय दहा वर्षं, काढणे. हरकत असेल तर सात दिवसांत लेखी द्या. पहिल्या दिवसापासून ही मागं लागलेली. मी नुसतं "बघू" म्हणायचो. बघू, बघू करत सहावा दिवस उजाडला.

टेपचं एक टोक तिनं धरलं, दुसरं घेऊन मी झाडाला वळसा घातला. टेप पुरली नाही.

"अहो, ताणताय काय एवढं? ब्लाउजचं माप आहे का ते?"

"मग तू ये की इकडनं."

"मी सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. तुम्हाला धड एक काम येत नाही."

शेवटी टेप पुरली तिथं खडूनं खूण केली आणि उरलेलं पुन्हा मोजलं. "हे दहा वर्षांचं?" ती म्हणाली. "मोजणाऱ्याला डोळे होते का खिसे?"

जेवण झाल्यावर अर्ज तिनंच लिहिला. मी चौथी, ती सातवी. ब्लाउजवर नक्षी उतरवायचा निळा कार्बन तिच्याकडं होता, तो मधे घातला. दाबून लिहायची, खालच्या कागदालासुद्धा वळ उठायचे. सही पण तिनंच केली. म्हणाली, "झाड मी लावलंय. उद्या सकाळी पहिलं हे देऊन या, मग चहा." आणि जरा पडते म्हणून आत गेली.

चार वाजता चहाला हाक मारली. उठली नाही. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या. माझी बहीण दारात आडवी आली.

"दादा, सुतक आहे. दहाव्याच्या आत कचेरीत जातं का कोणी? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी आधी झाडाचं वय नीट लिहावं," म्हटलं आणि निघालो.

वॉर्ड ऑफिसात बायकोचा अर्ज द्यायचाय म्हटलं, तर अर्ज घेणारा विचारतो, "अर्जदार कुठायत?"

"काल गेल्या."

"परत कधी येणार?"

"जाळून आलोय."

त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला. म्हणाला, "बसा काका. कागद टेबलावर ठेवा." मी ठेवला. त्यानं वाकून बघितला. "ही कार्बनची प्रत. मूळ द्या, शाईच्या सहीची."

मूळ कागद मी खिशातच ठेवला होता. मुद्दाम. "तेवढीच सही राहिलीय माझ्याकडं तिची," मी म्हणालो.

"काका, मूळ नसेल तर हरकत धरत नाहीत. आज शेवटचा दिवस. आणि त्या आता नाहीत, तर खाली तुमचीही सही करा. सुनावणीला कोणीतरी उभं राहायला हवं."

पाच दिवस मी बघू म्हणालो नसतो, तर तिनं स्वतः येऊन या माणसाची हजेरी घेतली असती.

खिशातनं कागद काढला. तिच्या सहीखाली माझी वाकडीतिकडी सही केली. त्यानं कागद न उचलताच वरून शिक्का मारला, मग कार्बनच्या प्रतीवर मारला आणि ती फूटपट्टीनं माझ्याकडं ढकलली.

घरी आलो. बहिणीनं दारातच बादली ठेवली होती. आंघोळीआधी मी आत गेलो आणि पोच तिच्या शिवणाच्या डब्यात ठेवली, टेपखाली. मग चहा टाकला. दोन कपांचं पाणी ठेवलं गेलं. एका कपाचं ओतून दिलं.