ताईचा वरचा सूर

गाण्याच्या कार्यक्रमांतल्या मिक्सरवाल्याला, म्हणजे माइकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्याला, लोक हमखास विचारायचे, दोघींत खरी गायिका कोण? दोघी म्हणजे त्याची थोरली बहीण आणि तिची जुनी मैत्रीण, जिला सगळे 'वीज' म्हणत. दोघींनी सोल, म्हणजे जीव ओतून गायचं ते अमेरिकी गाणं, गायला सुरुवात केली ती एकाच वाद्यवृंदात, आणि दोघींचा आवाज सांभाळायला मिक्सरवर हाच. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "वीज गाणं अंगावर सोडते, ताई हातात देते." एवढं बोलून तो वायरी गुंडाळायला लागायचा.

विजेचा सगळा कारभारच धसमुसळा. माइक ओठांना टेकवायची आणि पहिल्याच ओळीत जीव काढून ठेवायची. तिच्या वरच्या सुराला आवाजाचं बटण वेळेत खाली ओढलं नाही, तर स्पीकर बोंब मारणार हे नक्की. तो हे काम तिच्याच गाण्यांवर शिकला, आणि आपला हात सुराच्या आधी पोचतो याची त्याला भारी मिजास होती. ताईचं सगळं उलट. ती शब्द घोळवत, रेंगाळत गायची. वरचा सूर आला की स्पीकर फाटू नये म्हणून आपणहून माइकपासून मागे सरायची.

विजेच्या तबकड्या निघाल्या, दौरे झाले. मध्येच गळा बसला, नवरा सोडून गेला, तरी पठ्ठी पुन्हा उभी राहिली आणि सभागृहं भरू लागली. ताई दिवसा इस्त्रीच्या दुकानात आणि शनिवारी संध्याकाळी एका उपाहारगृहाच्या तळघरात. लोक मान डोलवायचे आणि पुन्हा ताटाकडे वळायचे. "गातात छान, पण पोचत नाही," असं मालक म्हणायचा. भावाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण लोकांकडे बघून मनातून त्यालाही ते पटायचं.

शेवटी ताईनेच सांगून टाकलं, "या शनिवारनंतर बंद. लोकांना नको असेल तर घसा कशाला फोडायचा?" हे कानावर आलं तशी त्या शनिवारी वीज न बोलावता हजर झाली. दोघी एकत्र गायला उभ्या राहिल्या.

गाणं रंगात आलं आणि विजेच्या माइकची वायर खरखरू लागली. मिक्सरवाला टेबलाखाली शिरून ती घट्ट बसवत होता, तोच ताईचा वरचा सूर लागला. बटणावर हात नव्हता. सूर अख्ख्या तळघरात भरला, ताटातले चमचे थांबले. विजेने आपला माइक खाली घेतला आणि ती ताईकडे बघत राहिली.

टेबलाखालीच त्याला सगळा घोळ कळला. ताई मागे सरायची आणि नेमका त्याच वेळी त्याचा विजेने तयार केलेला हात बटण खाली ओढायचा. एकच काम दोघं करत होती, आणि लोकांपर्यंत निम्माच सूर जात होता. तो ताईच्या शेजारीच बसायचा, म्हणून त्याला स्वतःला तो सूर पुरता ऐकू यायचा आणि चूक कधी कळलीच नाही. त्याला भयंकर लाज वाटली.

सगळे पांगल्यावर ताई खुर्चीत टेकली. "आज काय केलंस रे?"

"बटणाला हात लावला नाही. आजवर दर वेळी तुझा सूर मीच खाली ओढत आलो, ताई. विजेचा ओढायचो तसाच."

ताई सँडलचा बंद सोडवू लागली. "आणि मी समजत होते, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

आता ताई चार शब्द सुनावेल म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

"पुढच्या शनिवारी हात खिशात घालून बस," ताई म्हणाली.