गोरखला कोण कोण ऐकतं

गाणं ऐकून आलेल्या माणसाच्या ओठांवर गाणं असावं, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आम्ही ज्या प्रकारचं संगीत ऐकतो ते ओठांवर येणं शक्यच नसतं, त्यामुळे येताना आम्ही किस्से घेऊन येतो. पाच-सहा वर्षांत ते इतके साठलेत की स्टाफरूममध्ये मी तोंड उघडलं की लोक डबा बंद करून घड्याळ बघायला लागतात. म्हणून आता तुमच्या गळ्यात मारते आहे.

आम्ही म्हणजे तिघं. मी तळेगावला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. मिलिंदचं कामशेतला चष्म्याचं दुकान आहे. आणि तुंगार्लीचे देवधर काका, रेल्वेत गार्ड म्हणून हयात घालवून रिटायर झालेले. पुण्या-मुंबईची मुलं स्वतःच गाणी रचतात, स्वतःच रेकॉर्ड करतात आणि कुठल्यातरी कॅफेत नाहीतर बंगल्यात येऊन वाजवतात. फिल्मी नाही, शास्त्रीय नाही, कधीकधी तर गाणंही नाही, नुसते आवाज. ते ऐकायला आम्ही तिघं जातो. का जातो, हे आमच्या घरच्यांना अजून कळलेलं नाही.

आणि चौथा गोरख. तो ऐकणारा नाही, वाजवणारा. माझा जुना विद्यार्थी, बारावीला जेमतेम काठावर. गाव पवनानगरजवळ, धरणाच्या पाण्याला लागून. तो आसपासचे आवाज गोळा करतो आणि त्यांचे अल्बम करतो. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, पाण्याच्या कडेला चार तंबू टाकलेत. पर्यटक येतात शनिवार-रविवारी, आणि गोरखचे कार्यक्रमही नेमके शनिवार-रविवारीच! त्यामुळे तो वाजवत राहणार, की सगळं सामान विकून तंबू सांभाळणार, हा घोर त्याच्यापेक्षा आम्हालाच जास्त होता.

*

गोरखचा पहिला अल्बम कॅसेटवर आला. आता कॅसेट कोण काढतं, असं विचारू नका. या मंडळींत अजून काढतात. पंचाईत एवढीच, की ती वाजवायचं यंत्र आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. होतं ते फक्त मिलिंदच्या वडिलांच्या जुन्या गाडीत.

मग आम्ही चौघं त्या गाडीत बसलो आणि तुंगार्लीच्या तळ्याकाठी जाऊन थांबलो. बाहेर वारा, म्हणून काचा बंद. पहिल्या बाजूचा तिसरा ट्रॅक म्हणजे गोरखच्या विहिरीवरची मोटर. चौदा मिनिटं! काका डोळे मिटून मान हलवत होते आणि मी घाम पुसत होते.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. शेजारच्या बंगल्याचा वॉचमन. "गाडी चालू व्हईना का?" आम्ही काही सांगायच्या आत त्याने फोन लावून त्याच्या मेव्हण्याला बोलावलंसुद्धा. मेव्हणा मेकॅनिक. तो पाना घेऊन आला, बॉनेट उघडलं आणि बुचकळ्यात पडला.

"इंजिन तर बंद हाय. मग आवाज कसला?"

मिलिंदने कॅसेट दाखवली. त्या माणसाने खिडकीतून डोकं आत घातलं आणि पाच मिनिटं हूं की चूं न करता ऐकलं. इतक्या एकाग्रतेने ऐकणारा श्रोता मी पुण्यातसुद्धा पाहिलेला नाही. मग त्याने विचारलं, "मोटर कुणाची ही?"

"आमची," गोरख म्हणाला.

"बेअरिंग गेलंय. पंधरा दिसांत जळंल."

गोरखने घरी जाऊन मोटर उघडली. बेअरिंग खरंच गेलं होतं. त्या अल्बमवर आबांनी दिलेला अभिप्राय आम्हाला तोंडपाठ आहे. ते म्हणाले, "कॅसेट कामाची हाय."

*

या संगीतात एक मोठी अडचण असते. ते संपलं कधी, हे कळत नाही. एकदा एका मुलाने नुसता श्वास घ्यायला बासरी खाली केली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. तो जो नाराज झाला, त्याने शेवटपर्यंत आमच्याकडे बघितलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे पद्धत पडली. काकांनी हात वर केला की संपलं, मगच टाळ्या. काका म्हणाले, "गाडी सोडायची की नाही हे मीच ठरवत आलोय. त्यापुढे हे काय अवघड आहे?" हळूहळू इतर लोकही काकांकडे बघूनच टाळ्या वाजवायला लागले.

मग पुण्याहून एक मुलगी व्हायोलिन घेऊन आली. तुंगार्लीतला एक बंगला, वीस-पंचवीस माणसं, दुपारची वेळ. एक सूर ओढायची, मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी तिने गज मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांचे डोळे मिटलेले.

काका दुपारी पुरणपोळी जेवून आले होते, हे फक्त मला माहीत होतं.

दोन मिनिटं झाली. पाच झाली. कुणाची तरी खुर्ची करकरली तर तिघांनी वळून डोळे वटारले. ती मुलगी मान वर करायला तयार नाही, आम्ही हलायला तयार नाही. नवव्या मिनिटाला घाटातून इंजिनाची शिटी आली, काका दचकून जागे झाले आणि सवयीने त्यांचा हात वर गेला. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू!

मुलगी रडत होती. म्हणाली, "शेवटची ती शांतता मी ठरवलेलीच नव्हती. पण आता कायम ठेवणार आहे."

काका तिला म्हणाले, "मला तोच भाग सगळ्यात आवडला."

*

छोटे छोटे तर असंख्य आहेत. लोणावळ्यातल्या एका कॅफेत एक बँड फक्त स्वतःची गाणी वाजवत होता. मुलं गुणी होती, पण गर्दी पर्यटकांची. एक गृहस्थ सहकुटुंब आले होते, ते फर्माईश करायला उठले. गायक नम्रपणे म्हणाला, "काका, आम्ही फक्त आमचीच गाणी वाजवतो."

"हो हो, तुमचीच वाजवा," गृहस्थ म्हणाले. "फक्त आमच्या ओळखीची वाजवा."

आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या मॅडमनी एकदा माझा हेडफोन मागून घेतला. गोरखचा दुसरा अल्बम चालू होता. त्यांनी मिनिटभर ऐकलं, हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि अत्यंत आपुलकीने म्हणाल्या, "तुमचं डाउनलोड नीट झालेलं नाही."

मला राग आला नाही. खरं सांगायचं तर मलाही यातलं निम्मं कळत नाही. पण इतर गाणी मला कुठे हसायचं, कुठे रडायचं ते सांगत बसतात, आणि दिवसभर मुलांना सूचना देऊन आलेल्या बाईला आणखी सूचना नको असतात. गोरखच्या आवाजांत मला कुणी काही सांगत नाही. मी नुसती बसते.

तो दुसरा अल्बम कामशेतच्या भाताच्या गिरणीचा होता. पट्टा, चाळण, पोती आपटल्याचे आवाज. त्याचा सर्वात मोठा चाहता कोण? कामशेत ते पवनानगर जीप चालवणारा बबन! मी जीपमध्ये बसले तर स्पीकरवर तेच चालू. मला भरून आलं. मी विचारलं, "आवडतं का तुम्हाला?"

"मला न्हाई आवडत," बबन म्हणाला. "पण हे लावलं की मान्सं जागेवरनं भांडत न्हाईत. गप बसत्यात."

गोरखला हे सांगितलं तर तो दिवसभर खुशीत होता.

*

आता आबांचं. गेल्या दिवाळीनंतर आबांनी विषय एकदाचा काढला. त्यांच्या अंगणात चहा पिताना, आमच्या तिघांच्या समोरच. गोरखच्या तिसऱ्या अल्बमचा कार्यक्रम पुढच्या रविवारी त्याच अंगणात करायचा ठरत होता.

"बाई," आबा मला म्हणाले, "भजनाला बसाय बी धा मान्सं लागत्यात. ह्याच्या बाजाला धा तरी येऊ द्या. धा आली तर म्या तंबूचं नाव काढनार न्हाई. न्हाई आली, तर हे सामान इकायचं आन् तंबू बघायचं."

गोरखने विचारलं, "मॅडम धरून?"

"ह्या तिगांना न्हाई धरायचं. हे कायमच असत्यात. घरचं बी न्हाई."

गोरख "बरं" म्हणाला. आबा बोललेलं फिरवत नाहीत आणि गोरखही नाही. मिलिंदने आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला चष्म्याबरोबर आमंत्रण दिलं. मी स्टाफरूममध्ये सांगितलं. सगळे म्हणाले, "नक्की."

रविवारी चार वाजता अंगणात सतरंजी घातली. गोरख ओसरीवर सामान मांडून बसला, आबा कोपऱ्यात बाजेवर. स्टाफरूममधलं कुणीही आलं नाही. चष्मेवालेही नाहीत. बबन जीप लावून आला आणि आबा मोठ्याने म्हणाले, "येक."

पुण्याहून दोन मुलं आली, गळ्यात मोठाले हेडफोन. "तीन." गोरखने सुरू केलं. पाण्याचा आवाज, मग चिखलात पाय रुतून निघाल्याचा. शेजारच्या तीन बायका डोक्यावरचे भारे उतरवून काय चाललंय ते बघायला टेकल्या. अगदी हळुवार जागा चालली होती, आणि त्यात आबा म्हणाले, "सा."

पुण्याचा मुलगा दुसऱ्याच्या कानात पुटपुटला, "मोजणं कसलं भारी वापरलंय."

तंबूत उतरलेलं मुंबईचं जोडपं चहा विचारायला आलं आणि उभं राहिलं. आबा काही बोलेनात. ते दोघं सतरंजीवर बसले, तेव्हा कुठे म्हणाले, "आट." मग ग्रामपंचायतीचा शिपाई पाणीपट्टीचा कागद द्यायला आला. काकांनी त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं. आबांनी काकांकडे जरा रोखून पाहिलं. "नऊ."

त्यानंतर कुणी येईना. मी रस्त्याकडे बघत होते, मिलिंद रस्त्याकडे बघत होता. गोरख एकदाही बघत नव्हता. उन्हं पाण्यावर उतरली. शेवटचा ट्रॅक राहिला होता.

त्यात आबांचा आवाज होता. चार वर्षांपूर्वी आबा भाताच्या खाचरात चिखलणी करत होते, तेव्हा गोरखने बांधावर बसून फोनवर रेकॉर्ड केलेला. "हां हां... वळ रं... वळ हौश्या... आरं वळ माज्या राजा..." पुढे पॉवर टिलर आला आणि आबांनी हा हौश्या बैल ओढ्यापलीकडच्या कोंडिबाला दिला, हे गोरखनेच सुरुवातीला सांगितलं होतं. स्पीकरवरची हाक मोठी होत गेली. बाजेवरचे आबा मान खाली घालून आपली बोटं बघत बसले.

पहिल्यांदा बायका वळल्या. ओढ्याच्या बाजूने बैल येत होता. म्हातारा, पांढरा, गळ्यात तुटलेलं दावं लोंबतंय. अंगणात शिरला. सतरंजीवरची माणसं दोन्ही बाजूंना सरकली. तो थेट स्पीकरपाशी जाऊन थांबला आणि कान पुढे केले.

गोरखचा हात बटणावरच राहिला. हाक चालूच होती. मग ट्रॅक संपला. कुणीही टाळी वाजवली नाही. बैल तसाच उभा, अजून ऐकत असल्यासारखा.

आबा उठले. बैलाच्या मानेवर हात ठेवला. मग ओसरीवर बसलेल्या गोरखकडे बघून म्हणाले, "धा."