पितळेची हजेरी

दुपारचा चहा झाला की यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, दाराशी ये-जा सुरू होते. शाळेची वेळ झाली म्हणतात. मास्तरकी सोडून किती वर्षं झाली, हे समजावण्याचा नाद मी केव्हाच सोडला आहे. त्यांच्या पायांत चपला सरकवते, कुलूप लावते आणि निघते. नगरच्या जुन्या पेठेत राहण्याचं एक बरं आहे, सगळं पायी गाठता येतं. किराणा, दवाखाना, देऊळ आणि ते दुकान.

दुकानावर हल्ली 'अँटिक' अशी पाटी आहे. पूर्वी तिथे नुसती मोड विकत घ्यायचे. तांब्या-पितळेची भांडी, बंद पडलेली घड्याळं, कंदील, पानाचे डबे, सगळं एकावर एक रचलेलं. श्रीरामपूर, मिरजगाव, कुठून कुठून टेम्पोने माल येतो आणि पुण्याच्या हॉटेलांत शोभेला जातो. कुणाच्या तरी दिवाळीच्या अंघोळीच्या घंगाळात आता म्हणे फुलं तरंगतात. तरंगोत बापडी.

पहिल्यांदा आम्ही तिथे शिरलो ते ऊन लागलं म्हणून. हे स्टुलावर बसले, हाताशी आलेला पेला उचलला, त्यावर कोरलेलं नाव वाचलं आणि मान वर करून थांबले. मग दुसरा उचलला. आपल्याकडे लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालूनच द्यायचं, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक भांड्यावर कुणी ना कुणी होतंच. माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. हे हजेरी घेत होते.

मी ओशाळून त्यांना उठवायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "राहू द्या बाई, बसू द्या सरांना. काय तरास न्हाई त्यांचा."

तेव्हापासून आम्ही रोज जातो. भांडी विकली जातात, नवी येतात, यांना त्याचं काही वाटत नाही. वर्गात मुलं बदलतातच. गिऱ्हाईक नसलं की दुकानदार मधूनच "हजर सर" म्हणतो. तेवढा वेळ मी भिंतीला टेकून डोळे मिटते. थकले आहे मी. मुलाला फोनवर हे सांगत नाही, कारण मग तो घरात माणूस ठेवण्याच्या गोष्टी काढतो आणि त्या ऐकून आणखी थकायला होतं. उठवणं, भरवणं, अंघोळ, सगळं निभतं. निभत नाही ते एकच. हे मला ओळखत नाहीत. "अहो बाई" म्हणतात, शाळेत नवीन आलेल्या शिक्षिकेला म्हणावं तसं, अगदी अदबीने. कित्येक महिन्यांत नावाने हाक मारलेली नाही, आणि मला ती हाक हवी आहे. या वयात हा हट्ट शोभत नाही, पण आहे.

म्हणून मला ती युक्ती सुचली. पितळेवरची नावं वाचतात ना, मग माझंही वाचतील. घरातलं फडताळ उपसलं. सासरच्या भांड्यांवर सासऱ्यांचं नाव, काहींवर यांचं. इतकी वर्षं ती मी घासली, पण घासणारीचं नाव कोण घालतो? शेवटी माहेरचा तांब्या सापडला. त्यावर माझं नाव होतं, पण लग्नाआधीचं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायचे. यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि माझ्या वडिलांनी हौसेने कोरून घेतलेलं नाव त्याच दिवशी जुनं झालं. त्या नावाने यांनी मला कधीच हाक मारली नव्हती. मारणारी माहेरची माणसंही आता उरली नाहीत. तरी तांब्या पिशवीत घातला. दुसरं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला सांगितलं, हा विकायचा नाही, नुसता यांच्या पुढ्यात ठेवायचा आहे. त्याने कारण विचारलं नाही.

यांनी नेहमीसारखी सुरुवात केली. एक वाटी, एक लोटा, मग तो तांब्या. डोळ्यांजवळ नेला, अंगठ्याने अक्षरं पुसली आणि माझं नाव खणखणीत वाचलं. मान वर केली. नजर माझ्यावरून तशीच पुढे घड्याळांकडे गेली. पुन्हा नाव घेतलं. एवढ्या आशेने मी तो आणला होता आणि आता वाटलं, ओ कुणी द्यायची? त्या नावाची मुलगी मी राहिले होते कुठे?

"गैरहजर," असं पुटपुटत ते तांब्या बाजूला ठेवू लागले.

"हजर," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर रोजची ती परकी अदब नव्हती.

"कुठे होतीस इतका वेळ?" ते म्हणाले. "बस."

गुडघ्यांमुळे मला खाली बसवत नाही. तरी मी तिथेच, त्यांच्यासमोर फरशीवर बसले.