शेवटच्या दारापर्यंत दिवे

गाडीचा स्पार्क प्लग काढला तो काळाकुट्ट. कोरडी, मऊ काजळी बोटाला लागली.

"अक्का, नवाच आहे तो," पापनाशमचे सुंदरराव म्हणाले. "आपल्याकडचं ऊन बघून मुद्दाम थंड प्लग घातला."

"सुंदरराव, प्लगला ऊन लागत नाही. तो इंजिनात बसतो."

तंजावूरला राजवाड्यामागे माझं वर्कशॉप आहे. आधी तपासणी, मग पार्ट, हा माझा क्रम. एअर फिल्टर स्वच्छ, कार्बोरेटर ठीक. राहिला प्लग. थंड प्लग टोकाची उष्णता झटकन सोडून देतो. सतत जोरात पळणाऱ्या इंजिनाला तो बरा. गरम प्लग उष्णता टोकाशी धरून ठेवतो, त्यात काजळी जळून जाते.

"ही एटीव्ही पळवता कुठे?"

"पळवतो कुठे, अक्का? चार जाड चाकं आहेत, म्हणून बांधावरून भाताची रोपं नेतो. आणि उत्सवात पालखीमागे दिव्यांची ट्रॉली ओढतो."

त्यांच्या गल्लीत पालखी दारोदार थांबते. आरती होईपर्यंत गाडी जागेवर गुरगुरत राहते. गेल्या वर्षी ती मध्येच बंद पडली. ढकलायला माणसं जमेपर्यंत पालखी पुढे गेली, दिवे मागेच राहिले. शेवटचं घर सुंदररावांचं. अंधारात त्यांच्या आईला पालखीतले स्वामी दिसलेच नाहीत.

"तिची नजर अधू होत चाललीय," ते गाडीकडे बघत म्हणाले. "पुढच्या वर्षाचं काय सांगावं?"

मी मॅन्युअल उघडलं. संथ कामासाठी एक पायरी गरम प्लग चालेल, असं त्यात होतं. आट्यांची लांबी तीच घेतली. जास्त लांब प्लग पिस्टनला ठोकतो. ठिणगीची गॅप मोजली. प्लग आधी हाताने बसवला, मग पान्याने आवळला.

"हायवेला पिटाळू नका हं. तिथे हाच प्लग जास्त तापेल."

उत्सवाच्या संध्याकाळी मीही गेले. कावेरीकडून ओलसर वारा येत होता. दारापुढच्या कोलम रांगोळीच्या पांढऱ्या रेघांवरून उजेड पाण्यासारखा सरकत होता. कापराचा धूर, जाईचा वास, नादस्वरमचे सूर आणि त्याखाली इंजिनाची धीमी घरघर. एक दार यायचं, उजळायचं, मागे विरघळून जायचं. आपण चालतोय की गल्लीच हळूहळू आपल्याकडे वाहत येतेय, कळेना.

शेवटचं दार आलं. खुर्चीत बसलेल्या आईंनी हात जोडले. लखलखीत उजेडात त्या कितीतरी वेळ स्वामींकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "सुंदरा, ती गाडी बंद कर रे. नादस्वरम ऐकू येईना."

सुंदररावांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी किल्ली फिरवली. दिवे ट्रॉलीतल्या बॅटरीवर होते, ते तसेच तेवत राहिले. सूर एकटाच गल्लीभर पसरला.

तो संपल्यावर त्यांनी बटण दाबलं. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

गाडी किती पळते, हे गिऱ्हाईक आपणहून सांगतं. ती कुठे कुठे थांबते, हे विचारावं लागतं.